येशू मित्र असेल, तर त्याच्याशी भांडायची मुभाही हवी

ख्रिस्ती मंडळींमध्ये एक वाक्य आता चांगलंच रुळलं आहे: ख्रिस्ती असणं म्हणजे नुसता धर्म पाळणं नव्हे, येशूशी व्यक्तिगत नातं असणं. संदेशात ते येतं, गीतांत येतं, तरुणांच्या शिबिरात तर पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. मला ते खरं वाटतं. माझा विश्वास त्याच्यावरच उभा आहे. म्हणूनच या वाक्याचं आपण जे करून ठेवलं आहे ते मला बघवत नाही. एखाद्याला प्रार्थनेत समोर कुणीच नाही असं वाटू लागलं, की मैत्री, सहवास, जवळीक हे आपलेच शब्द आपण त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरतो. खरी मैत्री असती तर असं वाटलं असतं का? काही पाप लपवून ठेवलं आहेस का? बायबलचं वचन वाचायचं सोडलंस का? सैतानाला संधी कुठून मिळाली?

प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा चांगला असतो. पण आधीच खचलेल्या माणसाला त्यातून एकच गोष्ट ऐकू येते: तुझं नातं खोटं होतं. मग तो गप्प होतो. पुढच्या रविवारी हसून "प्रभूची कृपा आहे" म्हणतो, आणि आतून एकेक पाऊल मागे सरकत राहतो.

मला वाटतं, चूक मैत्रीच्या कल्पनेत नाही. आपण मैत्री फार स्वस्त करून सांगतो, चूक तिथे आहे. येशूशी मैत्री म्हणजे त्याची जवळीक सतत जाणवत राहील अशी हमी, असं आपण लोकांना शिकवलं. येशूचं चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानांत तशी हमी कुठेच नाही. तिथे दिसते ती मैत्री प्रश्न सोसते, राग सोसते, उशीर सोसते, झोप लागणं आणि पळून जाणंसुद्धा सोसते. ही मैत्री आपल्या उपासनेत, साक्षींत आणि समुपदेशनात दिसत नसेल, तर बदलायचं आपणच आहे.

मुळात "मी तुम्हांला मित्र म्हटले आहे" हे येशूने कधी म्हटलं ते पाहा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातलं हे वाक्य अटकेच्या आदल्या काही तासांतलं आहे. त्याला पकडून देणारा शिष्य यहूदा जेवणावरून उठून बाहेर गेलेला आहे. कोंबडा आरवायच्या आत तू मला तीन वेळा नाकारशील, हे पेत्राला सांगून झालं आहे. समोर बसलेल्यांपैकी बहुतेक जण पहाटेपर्यंत पांगणार आहेत, आणि बोलणाऱ्याला ते माहीत आहे. तरीही त्याच रात्री, त्याच माणसांना तो म्हणतो की आता मी तुम्हांला दास म्हणत नाही. मैत्रीचं हे नाव त्यांच्या निष्ठेचं बक्षीस म्हणून मिळालेलं नव्हतं. "तुम्ही मला निवडले नाही, मी तुम्हांला निवडले," हेही त्याच बोलण्यात येतं. आणि लगेच पुढे, जगाने तुमचा द्वेष केला तर नवल मानू नका, अशी तयारीही करून दिली जाते. जिथे मैत्रीची घोषणा आहे तिथेच संकटाची सूचना आहे. आपण घोषणा भिंतीवर लावतो आणि सूचना पुस्तकात ठेवतो.

त्यानंतर गेथशेमाने बाग, अटकेच्या आधीची प्रार्थना. येशू पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना जवळ घेऊन जातो आणि माझा जीव मरणप्राय दुःखी झाला आहे, माझ्याबरोबर जागे राहा, असं सांगतो. तिघेही झोपतात. तो परत येऊन उठवतो, ते पुन्हा झोपतात. आत्मिक संघर्षाबद्दल आपण जे काही शिकवतो त्यात हा प्रसंग केंद्रस्थानी असायला हवा. कारण इथे संघर्ष येशूचा आहे. सोबत मागणारा तो आहे. प्रार्थना करूनही यातनांचा प्याला टळत नाही, हा अनुभव त्याचा आहे. प्रार्थनेत उत्तर न मिळालेला माणूस येशूपासून दूर गेलेला असतो असं म्हणणाऱ्याने गेथशेमाने पुन्हा वाचावं.

मला सर्वांत जास्त आधार देणारा प्रसंग मात्र मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात आहे, आणि त्यावर फारच कमी बोललं जातं. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे. राज्यकर्त्या हेरोदाला तोंडावर सांगितलं की भावाची बायको ठेवणं तुला योग्य नाही, म्हणून त्याला कोंडलं आहे. हाच योहान पूर्वी स्वतःला वराचा मित्र म्हणवत असे. वराचा आवाज ऐकून मित्राला आनंद होतो, माझा तो आनंद पूर्ण झाला आहे, असं त्याने सांगितलेलं. "हा पाहा, देवाचा कोकरा" हे शब्द त्याचे. येशूवर आत्मा उतरताना त्याने पाहिला होता. आणि आता अंधाऱ्या कोठडीतून तो आपल्या शिष्यांकरवी विचारतो: जो येणार आहे तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?

हा प्रश्न साधा नाही. आयुष्य ज्याच्यावर ओवाळून टाकलं तोच हा आहे का, असं तो विचारतो आहे. आजच्या एखाद्या प्रार्थनागटात हा प्रश्न कुणी विचारला असता तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. त्याच्यासाठी खास प्रार्थना ठेवली असती. नेतृत्वातून त्याला काही काळ बाजूला केलं असतं. "एवढा मोठा देवाचा माणूस, आणि बघा कसा घसरला" असं हळू आवाजात बोललं गेलं असतं.

येशू काय करतो? तो योहानाला अविश्वासी म्हणत नाही. जे ऐकता आणि पाहता ते योहानाला जाऊन सांगा, असं निरोप्यांना सांगतो: आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. "जो माझ्याविषयी अडखळत नाही तो धन्य" हे एक वाक्य आहे, आणि ते कठोरही वाटू शकतं. पण ते दार बंद करणारं नाही. निरोपे निघून गेल्यावर तो लोकसमुदायाकडे वळतो आणि योहानाची स्तुती करतो. स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कुणी निघाला नाही, असं जाहीरपणे म्हणतो. ज्या दिवशी योहानाने शंका बोलून दाखवली त्याच दिवशी हे घडतं. मित्राच्या पाठीमागे मित्राची बाजू घेणं याहून वेगळं काय असतं? आणि त्याच अध्यायात, थोडं पुढे, लोक येशूला नावं ठेवताना जकातदार आणि पापी यांचा मित्र म्हणतात.

पण ही गोष्ट इथे गोड होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. योहान सुटला नाही. त्याचं शिर तबकात गेलं. आंधळे पाहू लागले तरी कोठडीचं दार उघडलं नाही. मैत्रीमुळे सुटका होतेच, असं शिकवणाऱ्यांना योहानाबद्दल काहीतरी बोलावं लागेल, आणि ते बहुधा बोलत नाहीत.

बेथानी गावातलं मार्था, मरीया आणि त्यांचा भाऊ लाजर यांचं घर आपल्या जास्त ओळखीचं आहे. लाजर आजारी आहे असा निरोप बहिणींनी पाठवला. येशू जिथे होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. तो पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था गावाबाहेर जाऊन गाठते आणि म्हणते, "प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता." थोड्या वेळाने मरीया येते, पायांवर पडते, आणि शब्दशः तेच म्हणते. मला नेहमी वाटतं की हे वाक्य त्या चार दिवसांत घरात कितीदा तरी बोललं गेलं असावं. दोघींना एकच उत्तर मिळत नाही. मार्थेशी तो बोलतो, पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे हे तिला सांगतो. मरीयेला तो काहीच समजावत नाही, रडतो. एका तक्रारीला शिकवण मिळाली, त्याच तक्रारीला अश्रूही मिळाले. ज्याला आपण समजावायला जातो त्याला त्या घडीला शिकवण हवी आहे की रडणारं कुणी, हे ओळखण्याइतकं थांबायचं कसब आमच्या किती जणांकडे आहे?

आता आपल्या साक्षींकडे येऊ. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष देण्याची, देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगण्याची प्रथा सुंदर आहे. तिने अनेकांना धरून ठेवलं आहे. पण तिचा साचा फार पक्का झाला आहे. आधी अडचण, मग प्रार्थना, मग उत्तर, मग "प्रभूची स्तुती असो". ज्याची गोष्ट अजून दुसऱ्या टप्प्यावरच अडकली आहे त्याला उभं राहायची पाळीच येत नाही. एका प्रार्थनासभेत एक बाई उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या. पदर हातात गच्च धरून त्या एवढंच म्हणाल्या, "बरेच महिने मला प्रार्थना करता येत नाही. मी नुसती बसते." सभा चालवणाऱ्यांनी "आमेन" म्हणून लगेच गीताचा नंबर सांगितला. सभा संपल्यावर तिघे-चौघे त्यांच्याभोवती जमले. एकाने उपवास सुचवला, एकीने वचनांची यादी दिली, एकाने घरात कुठली जुनी वस्तू राहिली आहे का ते तपासायला सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या. "नुसती बसता म्हणजे कशा बसता?" असं कुणी विचारलं नाही. मला ते विचारावंसं वाटत होतं, कारण प्रार्थना सुचत नसताना रोज त्या वेळेला जाऊन बसणं ही मला त्या संध्याकाळची सगळ्यात मोठी साक्ष वाटली. आता त्या शेवटच्या बाकावर बसतात आणि आशीर्वादाच्या आधी निघून जातात.

अशी न सुटलेली दुःखं देवापुढे मांडायलाच बायबलमधली स्तोत्रसंहिता आपल्या हातात दिलेली आहे. एकशे पन्नास स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्तोत्रं विलापाची, तक्रारीची आहेत. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच "कोठवर?" या प्रश्नाने होते आणि तो प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तर शेवटपर्यंत उजेड येतच नाही. ते अंधारातच संपतं. ज्यांनी पवित्र शास्त्राची पुस्तकं एकत्र ठेवली त्यांनी हे स्तोत्र गाळलं नाही, शेवटी एखादी आशेची ओळही जोडली नाही. आपण मात्र उपासनेत तेविसावं, एकशे तिसरं आणि एकशे एकविसावं यांच्यापलीकडे क्वचित जातो. मराठी कानाला देवाशी भांडण नवं नाही. आमच्या अभंगांत देवाला चांगलं धारेवर धरलेलं आहे. तरी ख्रिस्ती प्रार्थनेत तोंड उघडलं की आपण एकदम सरकारी अर्जाच्या भाषेत बोलू लागतो.

ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट या बाबतीत निर्णायक आहे. सगळं गमावलेला ईयोब देवावर आरोप करतो, त्याला न्यायालयात खेचू पाहतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. त्याचे मित्र देवाची बाजू मांडतात, आणि अगदी नेटकी मांडतात. शेवटी देव त्या मित्रांना म्हणतो की माझा सेवक ईयोब जसं माझ्याविषयी यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. देवाची वकिली करणारे चुकले, आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला. या मित्रांच्या हातून एकच काम चांगलं झालं होतं, आणि ते सुरुवातीला: सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत.

मंडळीच्या इतिहासातही येशूच्या ज्या मित्रांची आपण नावं घेतो त्यांचं आयुष्य असंच आहे. सोळाव्या शतकात स्पेनमधल्या आविलाच्या तेरेसा या जोगिणीने प्रार्थनेचं वर्णन मैत्रीतल्या संवादासारखं केलं: आपल्यावर प्रेम करणाऱ्याशी एकांतात वारंवार बोलणं. हे अवतरण शिबिरांत फार वापरलं जातं. पण तीच तेरेसा प्रांजळपणे लिहून ठेवते की कित्येक वर्षं प्रार्थनेची वेळ कधी संपते याकडे तिचं लक्ष असे, घड्याळाचे टोले ऐकायला कान टवकारलेले असत. तिचा सहकारी क्रूसाचा योहान याला 1577 च्या डिसेंबरात त्याच्याच संन्यासी संघातल्या लोकांनी तोलेदो शहरात कोंडलं. 1578 च्या ऑगस्टमध्ये तो निसटला. आत्म्याच्या अंधाऱ्या रात्रीबद्दल त्याने जे लिहिलं त्याच्यामागे ती कोठडी आहे. फ्रान्समधल्या लिस्यूची जोगीण तेरेसा 1897 मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. 1896 च्या ईस्टरपासून शेवटपर्यंत स्वर्ग आहे की नाही याच शंकेने तिला घेरलं होतं. शंभर वर्षांनी, 1997 मध्ये, कॅथलिक मंडळीने तिला आचार्यपद, म्हणजे मंडळीच्या थोर शिक्षकाचा मान, दिला. शंकेचे ते दीड वर्ष लपवून नव्हे, ते धरून.

आणि पंडिता रमाबाई. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरची त्यांची पत्रं वाचली तर दिसतं की त्या तिथल्या मठातल्या भगिनींशी सिद्धान्तावरून, अधिकारावरून, स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीच्या हक्कावरून सतत वाद घालत होत्या. एका धर्माधिकाऱ्यांच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडाखाली मान द्यायला त्यांनी नकार दिला. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं जावी लागली. ही आठ वर्षं वाया गेली असं मला वाटत नाही. वाद घालणाऱ्या, मान न तुकवणाऱ्या त्या बाईला तो सापडला; निमूट मान हलवणाऱ्या बाईला सापडला असता की नाही, मला शंका आहे.

आता आक्षेपांकडे. बाहेरचे लोक विचारतात, आणि विचारायलाच हवं, की न दिसणारा मित्र आणि मनाने रचलेला मित्र यात फरक काय? या प्रश्नाला टाळीबाज उत्तर देऊन भागत नाही. माझ्यापुरतं मी एवढं म्हणेन की मनाने रचलेला मित्र माझ्या सोयीचं बोलतो. शुभवर्तमानांतला येशू वैऱ्यावर प्रेम करायला सांगतो, वेदीशी देणगी ठेवून आधी भावाशी समेट कर म्हणतो, आणि जवळच्या पेत्रालाही "माझ्या मागे हो" असं फटकारतो. शिवाय माझ्या कल्पनेतला मित्र मला हवा तेव्हा हजर राहिला असता. हा राहत नाही. त्याचं गप्प राहणं हे त्याच्या असण्याचं प्रमाण आहे असं मी म्हणत नाही. पण माझ्या इच्छेने घडवलेल्या देवाने मला इतकी वाट पाहायला लावली नसती. याच कसोटीवर एक इशाराही निघतो. "येशूने मला सांगितलं" म्हणत जो नेता नेहमी स्वतःच्या फायद्याचंच सांगतो, त्याचा मित्र कोण आहे ते तपासायला हवं.

आतले लोक वेगळा आक्षेप घेतात: तो प्रभू आहे, त्याच्याशी बरोबरीने बोलणं उद्धटपणाचं आहे. बरोबरीचा दावा कुणी करत नाही. मैत्रीच्या त्याच उताऱ्यात "मी सांगतो ते कराल तर तुम्ही माझे मित्र आहात" असं आहे, आणि तो काय सांगतो तर एकमेकांवर प्रेम करा. पण आदर आणि हुज्जत एकत्र नांदू शकतात. देवाचा मित्र म्हणून शास्त्रात ज्याचं नाव येतं तो अब्राहाम सदोम नगराचा नाश टळावा म्हणून देवाशी पन्नास नीतिमानांवरून दहापर्यंत घासाघीस करतो, आणि मध्येच "मी केवळ धूळ व राख आहे" असंही म्हणतो. दोन्ही एकाच दमात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. शंका अशी उघड बोलू दिली तर नवे विश्वासी डळमळतील, आणि काही जण शंकेच्या आड स्वतःचं वागणं लपवतील. हे होतं, नाकारण्यात अर्थ नाही. प्रार्थना कोरडी पडण्याचं कारण कधीकधी खरोखर आपण केलेला अन्याय असतो. घरातल्या माणसाला छळणाऱ्याला देव जवळ वाटत नसेल तर त्याला विलापस्तोत्राची नाही, घरात माफी मागून वागणं बदलण्याची गरज आहे. पण तिथेही येशूची रीत पाहावी. नाकारून परतलेल्या पेत्राला किनाऱ्यावर, कोळशांच्या विस्तवापाशी त्याने तीन वेळा एकच विचारलं, माझ्यावर प्रेम करतोस का, आणि तीनही वेळा काम सोपवलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं, असं योहानाचं शुभवर्तमान नोंदवतं. दुखलं ते दुखलंच. मित्राने चूक झाकली नाही. पण पेत्राला सगळ्यांसमोर सोलूनही काढलं नाही. नव्या विश्वासूंचं म्हणाल, तर ते दुसऱ्याची शंका ऐकून सहसा मोडत नाहीत. आपल्याला जे वाटतं ते इथे कुणालाच कधी वाटत नाही, या एकटेपणाने मोडतात.

एक गोष्ट वेगळी सांगणं भाग आहे, कारण ती जिवाशी खेळणारी आहे. प्रत्येक अंधार आत्मिक नसतो. नैराश्य हा आजार आहे. झोप न लागणं, भूक जाणं, जगण्यात काही राम नाही असं सतत वाटणं, मरणाचे विचार येणं, ही लक्षणं दिसली तर डॉक्टरकडे न्यावं, आणि मरणाचे विचार असतील तर त्याच दिवशी न्यावं, त्या माणसाला एकटं सोडू नये. राजे पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात संदेष्टा एलीया झाडाखाली बसून "आता पुरे, माझा जीव घे" म्हणतो. देवदूत त्याला रागावत नाही, उपदेशही करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घालतो. देवाची मंद वाणी त्यानंतर, बऱ्याच दिवसांनी, होरेब डोंगरावर येते. शरीराची काळजी आधी घेणं हे विश्वास कमी असल्याचं लक्षण असेल, तर देवदूताचाही विश्वास कमीच होता म्हणायचा. गोळ्या चालू असलेल्या माणसाला "आता विश्वासाने बंद कर" असं सांगणं हा अपराध आहे, आणि मंडळीच्या नेत्यांनी तो अपराध आहे हे व्यासपीठावरून स्पष्ट म्हणायला हवं.

मग करायचं काय? महिन्यातून निदान एका उपासनेत एक विलापस्तोत्र पूर्ण वाचावं, आणि वाचून झाल्यावर लगेच आनंदाचं गीत सुरू न करता थोडा वेळ शांत राहावं. साक्षीच्या वेळी "ज्यांची गोष्ट अजून चालू आहे त्यांनीही बोलावं" असं मुद्दाम म्हणावं, आणि बोलून झाल्यावर सल्ला देऊ नये. तरुणांना शिकवताना जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचा एक जुना नियम शिकवावा: मन उजाड असताना आधी घेतलेले निर्णय बदलू नका, जे धरलं आहे ते धरून ठेवा. भावनेच्या भरात मंडळी सोडणाऱ्यालाही तो उपयोगी आहे आणि भावनेच्या भरात मोठमोठे नवस बोलणाऱ्यालाही.

सगळ्यात गरज आहे ती ऐकणाऱ्यांची. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये पुस्तकरूपाने आली आणि जगाला कळलं की या बाईने जवळजवळ पन्नास वर्षं देवाची जवळीक जाणवल्याशिवाय काम केलं. काहींनी ढोंग म्हटलं. मला त्यात ढोंग दिसत नाही. जाणीव गेली तरी शब्द न मोडणं याला ढोंग म्हणायचं, तर मग निष्ठा कशाला म्हणायचं? त्या पत्रांत आणखी एक माणूस दिसतो: पुण्यात दीर्घकाळ ईश्वरविज्ञान शिकवलेले जेझुइट धर्मगुरू योसेफ नॉयनर. 1961 च्या सुमारास तेरेसांनी त्यांच्यापाशी मन मोकळं केलं. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी मोजक्या होत्या. या अंधारावर माणसाच्या हातात उपाय नाही, म्हणून त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. येशू जाणवणं हाच तो असल्याचा एकमेव पुरावा नाही. आणि देवाची ही तहान, हीच तो आत असल्याची खूण आहे. त्यांनी अंधार घालवला नाही. पण त्यानंतर तेरेसांना त्या अंधारावर प्रेम करता येऊ लागलं, असं त्यांनी स्वतःच नॉयनर यांना लिहिलं.

असं ऐकणारी माणसं प्रत्येक मंडळीत दोन-तीन तरी तयार करता येतील. त्यांना मोठं शिक्षण लागत नाही. गुप्तता पाळता यावी, ऐकताना घाई नसावी, डॉक्टरकडे कधी पाठवायचं ते कळावं, आणि मध्येच वचन फेकायची सवय नसावी. सुरुवात पाळकांपासून करावी. दर रविवारी इतरांना धीर देणाऱ्या माणसाला स्वतःचा कोरडेपणा सांगायला मंडळीत बहुधा जागाच नसते. सांगितलं तर नोकरीवर, घरावर, नावावर येतं. पाळकाने "मला सध्या प्रार्थना जमत नाही" म्हटलं तर त्याची चौकशी लावायची नाही, त्याला महिनाभर विश्रांती द्यायची, असा ठराव मंडळीच्या समितीने लेखी करून ठेवावा.